बॅटरी बसली

आमच्या साडूइतका दमवणारा माणूस गोदावरीच्या या काठावर दुसरा नसेल; आणि त्या काठावर कुणी असलाच, तर त्यानं कृपा करून तिकडंच राहावं, माझ्यात आता दोघांना पुरेल एवढा दम उरलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाकीची नाती आपल्या रक्तातून तरी येतात, नाहीतर आपल्या होकारातून. साडू हे एकच प्रकरण असं आहे, की बायकोला हो म्हणताना ते आपल्याला कुणी दाखवत नाही. तो भोकरच्या पुढं एका खेड्यात शेती करतो, मी नांदेडला असतो. मधलं पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर देवानं माझ्या भल्यासाठी ठेवलं होतं. साडूनं ते एका बॅटरीनं पुसून टाकलं. पण बॅटरीकडं जाण्याआधी माणूस सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल की मी साध्या शेतकऱ्याची टिंगल करतो आहे. तो शेतकरी आहे. साधा अजिबात नाही.

या माणसाचा जगातल्या कुठल्याही एकट्या वस्तूवर विश्वास नाही. त्याला सगळं दोन-दोन लागतं. खिशात दोन पेनं, करगोट्याला एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या, दोन चष्मे, त्यातला एक कपाळावर आणि दुसरा हरवलेला. पावसाळ्यात तो दोन छत्र्या घेऊन फिरतो. मी एकदा विचारलं, "दोन कशाला?" तो म्हणाला, "एक फाटली तं?" मी म्हणालो, "आणि दुसरीही फाटली तर?" त्यानं माझ्याकडं दुखावलेल्या नजरेनं बघितलं. "दोन्ही फाटाया मी काय एवढा वाईट माणूस हाय व्हय साडू?" स्वतःच्या लग्नात तो दोन बाशिंगं घेऊन आला होता, हे आमच्या सासरी अजून सांगतात. ऐन अंतरपाटाशी पहिल्या बाशिंगाची दोरी तुटली. मंडपात 'अरे अरे' झालं, तेव्हा नवरदेवानं शांतपणे पिशवीतून दुसरं काढून डोक्याला बांधलं. त्या क्षणापासून त्याला समजावून सांगण्याची सोय कायमची संपली. त्याच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. ती म्हणायची, "सगळं दोन-दोन हाय यांच्यापाशी. अक्कल तेवढी एक बी न्हाई."

अक्काची जीभ हा वेगळा विषय. धर्माबादच्या मिरचीच्या पोत्याजवळून नुसतं गेलं तरी शिंका येतात, तसं अक्काच्या दारावरून नुसतं गेलं तरी माणूस आपलं काय चुकलं ते आठवायला लागायचा. पण ठसका गेला की मिरचीची चवही तीच. मी त्यांच्या दारात पाऊल टाकलं रे टाकलं, की आतून आवाज यायचा, "बसा." नुसतं 'बसा'. त्यात विनंती नसायची, जेवल्याशिवाय सुटका नाही एवढी माहिती असायची. "शेवटची बस आहे हो अक्का," असं म्हणणाऱ्याला ती म्हणायची, "बस उद्या बी हाय, तुम्ही बसा." तीस वर्षं साडू त्या जिभेखाली वाढला. भांडणात तो कधी उत्तर देत नसे. मान खाली घालून वाक्य संपण्याची वाट बघायचा आणि संपलं की होकाराचं "हाव" म्हणून शेतात जायचा.

दोन वर्षांमागे सोयाबीन नुकतं घरात येऊन पडलेलं असताना एका सकाळी तो चिखलाच्या चपलांसकट स्वयंपाकघरात शिरला. अक्का भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुम्हाला किती बार सांगितलं, की..." आणि थांबली. साडू सवयीनं मान खाली घालून पुढच्या शब्दाची वाट बघत उभा राहिला. पुढचा शब्द आला नाही. त्यानं मान वर केली तेव्हा अक्काचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि भाकरी हातातून परातीत पडली होती. नांदेडच्या दवाखान्यात तिचा जीव वाचला, महिन्याभरात पाऊलही पडायला लागलं, आधार दिला की चालते. उजवा हात अधू राहिला. वाचा मात्र गेली. समजतं सगळं, डोळ्यांत रागही पूर्वीचाच. पण तोंडातून 'आ'च्या पुढं काही नाही. सगळं दोन-दोन ठेवणाऱ्या माणसाकडं बायको तेवढी एकच होती, हे मला त्या दवाखान्याच्या बाकड्यावर कळलं. तो बाकड्यावर बसून मला सारखं एकच सांगत होता, "वाक्य आर्धं राह्यलं, साडू. की... म्हणली आन् थांबली. की काय?"

दवाखान्यात वाचा शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. चित्रांची पानं दाखवायच्या: कप, गाय, घर. अक्का त्यांच्यासमोर निदान तोंड उघडायची. दोन महिन्यांत मॅडमचं लग्न होऊन त्या लातूरला गेल्या. दुसऱ्या मॅडम बघू म्हटलं तर साडू अडून बसला. "न्हाई. ती यांच्याशीच बोलती." बोलत नव्हती, हे त्याला कोण सांगणार? शेवटी ठरलं, की लातूरच्या मॅडम रोज दुपारी तीनला मोबाईलवर दिसतील आणि अर्धा तास शिकवतील. आणि इथून, माझ्या आयुष्यात बॅटरी आली.

कारण साडूच्या घरात मोबाईलला रेंज नाही. गावात रेंज आहे ती शेताच्या एका बांधावर, तीही एका पायावर उभं राहिलं तर. म्हणून मी त्याला सिमकार्ड घालायचा राउटर आणून दिला, वर दोन शिंगं असलेला डबा. तो पत्र्यावर उंच ठेवला की दोन शिंगांनी कुठून तरी इंटरनेट ओढून आणतो आणि खालच्या मोबाईलला वाटतो. पण डब्याला लाइट लागते, आणि साडूच्या गावातल्या लाइटीबद्दल त्याचंच मत ऐका: "लाइट म्हंजे पाव्हणा हाय. येताना सांगत न्हाई, जाताना इचारत न्हाई." तिसऱ्या दिवशी तीन वाजून पाच मिनिटांनी पाहुणा गेला. मॅडम गायीचं चित्र धरून तशाच अंधारात गडप झाल्या. साडू अंगणात फेऱ्या मारू लागला, आणि फेऱ्या मारता मारता त्याची नजर कोपऱ्यातल्या फवारणीच्या पंपावर गेली. पाठीवर अडकवायचा, बॅटरीवर चालणारा पंप. नवाकोरा, औषधाचा थेंबही न लागलेला, कारण जुना चालत असताना दुसरा हवा म्हणून आणलेला. पंपाची बॅटरी बारा व्होल्टची. राउटर उलटा करून बघितला, तोही बारा व्होल्टचा. साडूनं मला बांधावरून फोन करून सांगितलं, "छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले." पंपाच्या मोटारीच्या बटणाशेजारी त्यानं राउटरचं बटण बसवून घेतलं, झाकणावर राउटर दोरीनं बांधला, आणि तेव्हापासून आमचा साडू पाठीवर इंटरनेट घेऊन फिरतो.

फिरतो म्हणजे सगळीकडं. मयतीला, बाजाराला, तहसिलीत, माझ्या घरी. धडा चुकवायचा नाही हा त्याचा एकच नेम. तीन वाजता जिथं असेल तिथं तो अक्काला बसवतो, पंप उंचावर ठेवतो आणि मॅडमना बोलावतो. एकदा दोघं नांदेडला येत होते, तर बसमध्ये कंडक्टरनं पाठीकडं बघून विचारलं, "काका, औषध हाय का आत?"

"न्हाई. इंटरनेट हाय."

कंडक्टरनं पंपाखाली वाकून बघितलं. "सांडत न्हाई ना?"

"भोकरपस्तोर तं न्हाई सांडलं."

"मंग वर ठेवा," कंडक्टर म्हणाला आणि पुढं गेला. आमच्याकडच्या माणसांना कशाचं नवल वाटत नाही, हा एक मोठा आधार आहे.

माझ्या घरी आल्यावरही पंप उतरायचा नाही. मी म्हणायचो, "अहो, इथं भिंतीत चार प्लग आहेत, घरात रेंज आहे, माझं स्वतःचं इंटरनेट आहे. नांदेडला लाइट फारशी जात नाही."

"फारशी म्हणलात का न्हाई?" साडू म्हणायचा. "बास."

मी एकदा चिडून विचारलं, की निदान बॅटरी काढून पिशवीत घ्या, एवढा ढोल पाठीवर कशाला? त्यानं मला पंपाचे पट्टे दाखवले. "पिशवी धरली तं एक हात गेला. हिला चालवाया दोन्ही लागत्यात." मी चहा मागवला.

पण माझा खरा थकवा पुढंच आहे. खेड्यातली लाइट येते तीही पेंगत, तिच्यावर बॅटरी कधी पोटभर भरत नाही. म्हणून साडूनं दोन बॅटऱ्या केल्या. एक पंपात, दुसरी नांदेडला माझ्या गॅलरीत, चार्जरला लावलेली. ज्या लाइटीवर राउटर चालवायचा त्याला भरवसा नव्हता, तिच्यावरच बॅटरी भरायला मात्र होता, ही विसंगती दाखवली तर म्हणाला, "भराया तुमची लाइट चांगली. चालवाया न्हाई." पंपातली उतरली, की तो धावत बांधावर जायचा, एका पायावर उभा राहायचा आणि मला फोन करायचा. रेंज जाण्याआधी एकच शब्द पोचायचा: "बसली." एवढंच. नमस्कार नाही, कसे आहात नाही. बसली, आणि फोन बंद. मग मी अडीच किलोची बॅटरी नायलॉनच्या पिशवीत घालायची, भोकरची बस धरायची, तिथून जीप, तिथून पायी, आणि रिकामी घेऊन परत. दर चार-पाच दिवसांनी. गेली दीड-दोन वर्षं. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला आहे. शिंप्यानं मागच्या वेळी न विचारता बाही लहान केली. आमच्या घरात 'बसली' हा शब्द उच्चारायची बंदी आहे. पोळी बसली, खळ बसली, शेजारीण येऊन बसली, असलं काही सौभाग्यवती बोलली की मी सवयीनं चपला शोधायला लागतो.

उदगीरच्या लग्नाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सासरकडच्या एका मुलीचं लग्न. मुहूर्त बारा पस्तीसचा, वरात नाचत आली अडीचला. म्हणजे आमच्या भागात वेळेवरच. दारातल्या राखणदारानं साडूला अडवून सांगितलं, "फवारणीवाले मागच्या गेटनं." साडू अपमान न मानता मागच्या गेटनं आला. अक्काला मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसवून तो तिला पाणी आणायला गेला, तेवढ्यात नवरीच्या काकांना दाराशी ठेवलेला कोरा पंप दिसला. गुलाबपाणी शिंपडायला कुणीतरी आधुनिक सोय केली आहे असं समजून त्यांनी दोन कॅन त्यात ओतले, फवारून बघायला नळीचा खटका आवळला, आणि कुणी तरी आहेराला बोलावलं म्हणून तसाच आवळलेला सोडून गेले. तीन वाजले. मंगलाष्टका सुरू झाल्या. साडूनं मोबाईल अक्कासमोर धरला आणि गडबडीत राउटरच्या बटणाऐवजी शेजारचं मोटारीचं बटण दाबलं. पंपानं पहिल्या रांगेतल्या व्याह्यांपासून माझ्या नव्या झब्ब्यापर्यंत सगळ्यांना निःपक्षपातीपणे गुलाबपाणी दिलं. भटजी 'सावधान' म्हणाले ते मला तेव्हा पहिल्यांदाच मनापासून वाटलं. नंतर साडूनं बरोबर बटण दाबलं, लातूरहून मॅडम उगवल्या, आणि त्या गोंधळात, ओल्या साडीत, अक्का 'आ' म्हणत राहिली. मॅडम म्हणाल्या, "अक्का, मागं गाणं छान चाललंय, त्याच्या तालावर म्हणा." सगळा मंडप हसत होता. साडू हसत नव्हता. तो तिच्या ओठांकडं बघत होता.

असं दीड वर्ष. कप, गाय, घर. आई, पाणी, चहा. अक्का 'आ'च्या पुढं गेली नाही. मॅडम कंटाळल्या नाहीत हे त्यांचं मोठेपण. मी मात्र कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू? एकदा मॅडमनी मला वेगळा फोन करून हळूच सांगितलं, की आता फार आशा धरू नका, आठवड्यातून एक दिवस केलं तरी चालेल. मी ते साडूला सांगणार होतो. पुढच्या बॅटरीच्या वेळी सांगू, असं मी चार बॅटऱ्या म्हणत होतो.

मग या श्रावणातली ती दुपार. परवाच बॅटरी पोचवून आलो होतो, अजून खांदा दुखत होता. तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. बांधावरचा वारा, साडूची धाप, आणि "साडू, बसली..." पुढं खरखर आणि बंद. आवाज काहीतरी वेगळा होता. मला वाटलं पळून आला असेल. दोन दिवसांत बसली म्हणजे बॅटरी म्हातारी झाली, असं मनाशी म्हणत, देवाला आणि बारा व्होल्टना सारखेच शब्द वापरत मी पिशवी उचलली. बस, जीप, चिखलातली पायवाट. वाटेत ठरवून टाकलं, की आज मॅडमचं बोलणं सांगायचंच.

सहाच्या सुमाराला पोचलो तर साडू फाटकात उभा. मी पिशवी खाली टेकवली आणि म्हणालो, "अहो, दोन दिवसांत कशी बसली?"

"मी कुठं म्हणलो?" साडू म्हणाला. "ती म्हणली."

मला कळेना. त्यानं मला हाताला धरून ओट्यावर नेलं आणि झालं ते सांगितलं. धडा चालू होता. मॅडम कप दाखवत होत्या. पत्र्यावरच्या राउटरचा हिरवा दिवा एकदम गेला, मॅडम गेल्या. साडू काही बोलण्याआधी अक्कानं वर बघितलं आणि स्वच्छ म्हणाली, "बसली." दीड वर्ष मॅडमनी कप, गाय, घर शिकवलं, आणि ती शिकली तो नवऱ्याच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालेला शब्द. मला फोनवर तो 'बसली म्हणली' असं सांगत होता. 'म्हणली' बांधावरच राहिली.

"कुणी ऐकलं न्हाई, साडू," तो म्हणाला. "मॅडम त्याच टायमाला गेल्या. मी एकटाच. माझ्यावर कोण भरोसा ठेवतंय?"

मी भरलेली बॅटरी पंपात घातली. दिवा हिरवा झाला. अवेळी फोन करून मॅडमना बोलावलं, त्या स्वयंपाक सोडून आल्या. साडूनं राउटरचा दिवा मुद्दाम बंद-चालू करून दाखवला, मॅडम गेल्या आणि परत आल्या. "म्हण. काय झालं? म्हण." अक्का गप्प. मॅडम गोड बोलून बघत होत्या, साडू घसा खाकरत होता, मी हात जोडून उभा होतो. तिनं आमच्या तिघांकडं असं बघितलं, की पूर्वीची अक्का असती तर गावानं कान झाकले असते. अर्धा तास गेला. साडूचा चेहरा उतरत चालला. शेवटी तो म्हणाला, "मला भास झाला आसंल." तो असं कधी बोलत नाही. मी मॅडमचं ते बोलणं तोंडाशी आणलं, आणि गिळलं. शेवटच्या जीपची वेळ झाली होती. रिकामी बॅटरी पिशवीत घातली, पिशवी खांद्याला लावली आणि उंबऱ्याशी वळून म्हणालो, "येतो अक्का. शेवटची गाडी आहे."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, ओठ जुळले, आणि ती म्हणाली, "बसा."

साडू म्हणतो, ते 'बसली'च होतं, शेवटी जरा खाल्लं. मोबाईलवरून मॅडम म्हणाल्या, की त्यांना 'बस' एवढंच ऐकू आलं, पुढचं नाही. या तिघांत माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. मला ती आज्ञा तीस वर्षं माहीत आहे. मी पिशवी खाली ठेवली आणि बसलो. गाडी गेली. खांदा त्या दिवशी पहिल्यांदा दुखला नाही, असं मी लिहिणार नाही, दुखलाच. पण जेवलो पोटभर.

आता अक्काला आठ-दहा शब्द येतात. त्यातला 'नको' सगळ्यात खणखणीत, पुष्कळदा नवऱ्याला उद्देशून. लातूरच्या मॅडमनी आठवड्यातून एक दिवसाची गोष्ट पुन्हा काढली नाही; मीही त्यांना आठवण करून दिली नाही. पंप अजून साडूच्या पाठीवर आहे, पट्टे झिजलेत म्हणून त्यानं दुसऱ्या पट्ट्यांची एक जोडी आणून ठेवली आहे. बॅटऱ्या दोन्ही थकल्या आहेत. चार दिवसांची मजल आता अडीच दिवसांवर आली आहे, आणि मीही काही नवा राहिलेलो नाही. हे लिहीत असताना त्यातली एक माझ्या गॅलरीत चार्जरला आहे, लाल दिवा अजून हिरवा व्हायचा आहे. दर खेपेला ती रिकामी माझ्या हातात देताना साडू एकच सांगतो, आवाज खाली आणून, आत अक्काला ऐकू जाऊ नये म्हणून:

"पुरती भरा, साडू. वाक्य लांब हाय."